लोकांचा वकील : बॅरिस्टर नाथ पै

वेंगुर्ल्याच्या बंदरापासून निघालेला एक रस्ता सावंतवाडीवरून पूर्वेकडे जातो. दाणोली गाव मागे पडले की चढण सुरू होते. एका अंगाला उंच कडा आणि दुसऱ्या अंगाला खोल दरी, अशी वाट वळणे घेत घेत सह्याद्रीच्या माथ्यावर पोहोचते. तेथे, समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर, आंबोली हे गाव वसलेले आहे. पावसाळ्यात या गावावर ढग उतरतात आणि हाताच्या अंतरावरची झाडेही धुक्यात दिसेनाशी होतात. आंबोलीपासून रस्ता पुढे चंदगडच्या बाजूने बेळगावास जातो. इंग्रजांच्या काळी वेंगुर्ले बंदरात उतरलेला माल याच घाटाने देशावरच्या छावण्यांकडे जात असे, आणि वाटेवरचा मुक्काम म्हणून आंबोलीला महत्त्व आले.

या रस्त्याच्या दोन टोकांशी एका थोर पुरुषाचे आयुष्य बांधलेले होते. वेंगुर्ल्यास त्याचा जन्म झाला आणि बेळगावात त्याने शेवटचा श्वास घेतला. मधल्या काळात तो लंडनला जाऊन बॅरिस्टर झाला, जगातील तरुणांच्या एका मोठ्या संघटनेचा अध्यक्ष झाला आणि तीन वेळा लोकसभेवर निवडून गेला. आंबोली ज्या सावंतवाडी तालुक्यात आहे, तो तालुका त्याच्याच राजापूर मतदारसंघात होता. म्हणजे घाटमाथ्यावरच्या या गावातील माणसांचाही तो दिल्लीतील प्रतिनिधी होता. या पुरुषाचे नाव बॅरिस्टर नाथ पै.

नाथ पै यांची ओळख करून घेण्यापूर्वी आपण दोन गोष्टी नीट समजून घेऊ. वकील कोणाला म्हणतात, आणि लोकप्रतिनिधी कोणाला म्हणतात?

दोन शेतकऱ्यांत बांधावरून तंटा झाला, तर तो न्यायालयात जातो. दोघांनाही कायद्याची कलमे ठाऊक नसतात. मग प्रत्येकजण आपल्या वतीने बोलण्यासाठी एक जाणकार माणूस नेमतो. तोच वकील. ज्याच्यासाठी तो बोलतो, त्याला अशील म्हणतात. वकिलाला आपल्या अशिलाची बाजू पुराव्यानिशी मांडावी लागते. प्रतिपक्षाचे म्हणणे शांतपणे ऐकून घ्यावे लागते आणि त्यातील उणीव दाखवावी लागते. न्यायालयात आवाज चढवून किंवा दटावून खटला जिंकता येत नाही. तेथे चालतो तो पुरावा आणि युक्तिवाद.

लोकप्रतिनिधीचे कामही बोलण्याचेच असते. परंतु त्याचा अशील एक नसतो. लाखो माणसे त्याला निवडून देतात. त्यांतील कित्येकांनी त्याला मत दिलेलेही नसते. तरी त्यांच्या वतीनेही त्यालाच बोलावे लागते. शिवाय वकील असलेल्या कायद्याच्या आधारे वाद घालतो, तर प्रतिनिधी कायदाच घडवितो. कायदा अन्यायाचा वाटला, तरी वकिलाला स्वतः तो बदलता येत नाही. प्रतिनिधीला मात्र तो बदला, असे म्हणता येते.

वकिली करता करता लोकांच्या प्रश्नांकडे वळलेली माणसे जगाच्या इतिहासात पुष्कळ झाली. अमेरिकेचा अब्राहम लिंकन हा त्यांपैकीच एक. शाळेचे शिक्षण फारसे न मिळालेला हा माणूस स्वतः पुस्तके वाचून १८३६ साली वकील झाला. १८४७ ते १८४९ या काळात तो अमेरिकेच्या काँग्रेसचा, म्हणजे तेथील कायदेमंडळाचा, सभासद होता. त्या वेळी अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात युद्ध चालले होते. मेक्सिकोने आपल्या भूमीवर रक्त सांडले, असे अमेरिकेच्या अध्यक्षांचे म्हणणे होते. ते रक्त नेमके कोणत्या जागेवर सांडले, ती जागा दाखवा, असा प्रश्न नवख्या लिंकनने सभागृहात ठरावांच्या रूपाने विचारला. न्यायालयात साक्षीदाराला विचारावा तसाच हा प्रश्न होता! त्यामुळे तो लोकप्रिय झाला नाही, उलट त्याच्यावर टीकाच झाली. परंतु सत्ताधाऱ्याला पुरावा मागणे हे प्रतिनिधीचे कर्तव्य आहे, हे त्याने दाखवून दिले.

आपल्याकडेही एकोणिसाव्या शतकात असे वकील झाले. कोकणातील मुरुड गावचे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलीक हे मुंबईच्या उच्च न्यायालयातील नामांकित वकील होते. १८७४ साली ते मुंबईच्या कायदेमंडळाचे सभासद झाले. ते निर्भीडपणे बोलत असत. परंतु त्यांना तेथे लोकांनी निवडून पाठविलेले नव्हते, सरकारने नेमलेले होते. ज्या कायद्यांखाली लोकांनी राहावयाचे, त्या कायद्यांविषयी मत देण्याचा अधिकार त्या काळी लोकांना नव्हता. तो अधिकार मिळविण्यासाठी पुढे मोठा लढा द्यावा लागला. नाथ पै हे त्या लढ्यातूनच घडलेले वकील आणि प्रतिनिधी होते.

नाथ पै यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ले येथे झाला. लहानपणीच त्यांचे पितृछत्र हरपले. आईच्या मायेत आणि वडीलधाऱ्यांच्या आधाराने ते वाढले. पुढे घाट चढून ते बेळगावात आले. ते विद्यार्थिदशेत असतानाच १९४२ साली महात्मा गांधींनी इंग्रजांना ‘चले जाव’ असे बजावले. देशभरातील तरुण शाळा-महाविद्यालये सोडून चळवळीत शिरले. नाथ पैही त्यात सामील झाले आणि त्यांना तुरुंगवास भोगावा लागला. ज्या वयात इतर मुले परीक्षेची काळजी करीत होती, त्या वयात कायदा माणसाला कसा चिरडू शकतो, हे त्यांनी स्वतः अनुभवले. सत्तेच्या हाती कायदा असतो, पण तो न्यायाचा असेलच असे नाही, हा धडा त्यांना कोणत्याही पुस्तकाआधी तुरुंगाच्या भिंतींनी शिकविला.

देश स्वतंत्र झाला त्या सुमारास नाथ पै कायद्याच्या अभ्यासासाठी इंग्लंडला गेले. बॅरिस्टर होण्याची तेथील पद्धत मोठी मौजेची आहे. लंडनमध्ये ‘इन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चार जुन्या संस्था आहेत. बॅरिस्टर होऊ इच्छिणाऱ्याने त्यांपैकी एका संस्थेत नाव दाखल करावयाचे, परीक्षा द्यावयाच्या, आणि त्याबरोबरच त्या संस्थेच्या भोजनगृहात ठराविक वेळा जेवणही घ्यावयाचे! वडील बॅरिस्टरांच्या पंक्तीला बसून तरुणांनी वागण्या-बोलण्याची रीत शिकावी, असा त्यामागील हेतू. महात्मा गांधी ‘इनर टेंपल’ या संस्थेतून आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर ‘ग्रेज इन’ या संस्थेतून बॅरिस्टर झाले होते. त्याच परंपरेत वेंगुर्ल्याच्या या तरुणाचे नाव जोडले गेले आणि पुढे ‘बॅरिस्टर’ हा शब्द जणू त्यांच्या नावाचाच भाग बनला.

परंतु नाथ पै केवळ कायद्याच्या पुस्तकांत रमणारे नव्हते. समाजवादाच्या विचाराने ते भारले गेले होते. श्रीमंत-गरीब ही दरी कमी व्हावी, मात्र ती बंदुकीच्या जोरावर नव्हे तर मतपेटीच्या मार्गाने, असा त्यांचा विश्वास होता. युरोपात राहून त्यांनी निरनिराळ्या देशांतील तरुणांशी मैत्री जोडली. समाजवादी तरुणांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९५४ साली त्यांना आपले अध्यक्ष निवडले आणि १९६० पर्यंत ते त्या पदावर होते. दुसऱ्या महायुद्धाच्या जखमा युरोपच्या अंगावर अजून ओल्या होत्या. अशा वेळी युरोपातील संघटनेने आशिया खंडातील, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशातील एका तरुणाला अध्यक्षपद द्यावे, ही लहानसहान गोष्ट नव्हती. त्यांची सहधर्मचारिणी क्रिस्टल याही ऑस्ट्रिया देशातील होत्या.

बॅरिस्टर झालेल्या माणसाला त्या काळी पैसा आणि मानमरातब यांची वाण नसे. मुंबईच्या उच्च न्यायालयात उभे राहावे आणि सुखाने दिवस काढावेत, हा मार्ग नाथ पै यांनाही मोकळा होता. त्यांनी तो स्वीकारला नाही. ते आपल्या कोकणात परतले आणि लोकांच्या प्रश्नांत शिरले.

त्या वेळचे दक्षिण कोकण कसे होते, हे आज डोळ्यांपुढे आणणे कठीण आहे. सिंधुदुर्ग हा जिल्हा तेव्हा नव्हता. तो १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. सावंतवाडीचे संस्थान १९४८ साली भारतात विलीन होऊन रत्नागिरी जिल्ह्याचा भाग बनले होते. आगगाडी कोकणात नव्हती. खाड्यांवर पूल थोडे होते, त्यामुळे तरीने पलीकडे जावे लागे. घरातील कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत, आणि मागे बायकामुले त्याच्या मनिऑर्डरीची वाट पाहात असलेली, असे चित्र घरोघर दिसे. गणेशचतुर्थीला आणि शिमग्याला चाकरमानी गावी येई, तेवढेच काय ते दिवस घर भरलेले असे.

अशा या भागातून, राजापूर मतदारसंघातून, १९५७ साली नाथ पै लोकसभेसाठी उभे राहिले. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा ऐन भरात होती. मराठी बोलणाऱ्यांचे एक राज्य व्हावे, या मागणीने सारे वातावरण पेटले होते. लोकांनी नाथ पै यांना निवडून दिले. पुढे १९६२ आणि १९६७ साली पुन्हा त्यांनाच कौल मिळाला. त्या काळी २१ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक स्त्रीपुरुषाला मताचा हक्क होता. मंडलीकांना सरकारने नेमले होते; नाथ पै यांना मात्र नांगर धरणाऱ्या, जाळे फेकणाऱ्या आणि भात लावणाऱ्या हातांनी निवडले होते. सुमारे ऐंशी वर्षांत केवढा हा पालट!

लोकसभेत नाथ पै विरोधी पक्षाच्या बाकांवर बसत. विरोधी पक्ष म्हटला की केवळ अडवणूक, अशी कित्येकांची समजूत असते. ती बरोबर नाही. सरकार चालविणाऱ्यांवर कोणाची तरी नजर असली पाहिजे. लोकसभेच्या कामकाजात आरंभीचा एक तास प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवलेला असतो. त्या तासात सभासद मंत्र्यांना प्रश्न विचारतात आणि मंत्र्यांना उत्तरे द्यावी लागतात. एका उत्तरातून दुसरा प्रश्न निघतो. हे काम न्यायालयातील उलटतपासणीसारखेच असते. त्यासाठी विषयाचा अभ्यास लागतो, आकडे तोंडी असावे लागतात आणि नेमका शब्द हाताशी असावा लागतो.

नाथ पै यांच्याजवळ हे सारे होते. त्यांची वाणी ओघवती होती. मराठीइतकेच इंग्रजीवरही त्यांचे प्रभुत्व होते. त्यांचे भाषण असले म्हणजे त्यांच्या विरुद्ध पक्षाचे सभासदही कान देऊन ऐकत. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्यांचा विरोध मताला असे, माणसाला नसे. प्रतिपक्षाच्या वकिलाशी न्यायालयात कडाडून भांडणारा वकील बाहेर आल्यावर त्याच्याशी स्नेहाने बोलतो. तीच रीत त्यांनी संसदेत पाळली.

त्यांच्या मतदारसंघाच्या दक्षिणेला गोवा आहे. भारत १९४७ साली स्वतंत्र झाला, तरी गोव्यावर पोर्तुगिजांचा अंमल चालूच होता. सावंतवाडीची माणसे आणि पलीकडच्या पेडण्याची माणसे यांची सोयरीक एक, बोली एक, देवदेवस्की एक. पण मध्ये परक्या राज्याची सरहद्द! गोव्याच्या मुक्तीसाठी नाथ पै यांनी लोकसभेत आवाज उठविला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. कोकणात आगगाडी यावी, हाही आग्रह त्यांनी धरला. त्यांच्या हयातीत ते स्वप्न पुरे झाले नाही. १९७१ साली त्यांच्याच मतदारसंघातून निवडून आलेले प्रा. मधु दंडवते यांनी तो प्रश्न पुढे नेला, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग राष्ट्राला अर्पण झाला. आज सावंतवाडी रोड स्थानकावर उतरून आंबोलीस येणाऱ्या प्रवाशाने या आरंभीच्या प्रयत्नांचे स्मरण अवश्य ठेवावे.

आता आपण नाथ पै यांच्या संसदीय जीवनातील सर्वांत मोठ्या प्रकरणाकडे वळू. विषय थोडा कठीण आहे. पण सावकाश वाचल्यास तो तुम्हांला नक्कीच कळेल.

आपल्या देशाचा सर्वांत श्रेष्ठ कायदा म्हणजे भारताचे संविधान. २६ जानेवारी १९५० पासून ते अमलात आले. त्याने प्रत्येक नागरिकाला काही मूलभूत हक्क दिले आहेत. कायद्यापुढे सर्व समान, आपले मत बोलून दाखविण्याचे स्वातंत्र्य, आपला धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य, हे त्यांपैकी काही. त्या काळी मालमत्ता बाळगण्याचा हक्कही मूलभूत हक्कांत मोडत असे. काळ बदलतो तशी संविधानात दुरुस्ती करावी लागते. ती करण्याचा अधिकार संसदेला आहे. मात्र तो साध्या बहुमताने वापरता येत नाही. सभागृहाच्या एकूण सभासदांपैकी निम्म्याहून अधिक, आणि उपस्थित राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश सभासदांनी संमती दिली पाहिजे.

येथेच एक अवघड प्रश्न उभा राहिला. संसद मूलभूत हक्कांतही दुरुस्ती करू शकते काय?

स्वातंत्र्यानंतर निरनिराळ्या राज्यांनी जमिनीविषयी नवे कायदे केले. जो जमीन कसतो, त्याला ती मिळावी; एकाच घराण्याने हजारो बिघे अडवून बसू नये, हा त्यांचा हेतू होता. कोकणातील मुलांना कूळ आणि खोत हे शब्द अपरिचित नाहीत. आंबोली, गेळे आणि चौकुळ या गावांत तर कबुलायतदार गावकर पद्धतीच्या जमिनींचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या बोलला जात आला आहे. जमिनीचा कायदा म्हणजे शेतकऱ्याच्या चुलीचा प्रश्न. या कायद्यांना मालमत्तेच्या हक्काची अडचण येऊ नये, म्हणून संसदेने संविधानात दुरुस्त्या केल्या.

पंजाबातील गोलकनाथ नावाच्या एका कुटुंबाकडे पाचशे एकरांहून अधिक जमीन होती. नव्या कायद्याने ती बरीचशी जाणार होती. ते कुटुंब सर्वोच्च न्यायालयात गेले. अकरा न्यायाधीशांपुढे खटला चालला. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी निकाल लागला. सहा न्यायाधीश एका बाजूला, पाच दुसऱ्या बाजूला. सहांचे मत असे पडले की, यापूर्वी झालेल्या दुरुस्त्या राहू द्याव्यात. परंतु यापुढे मूलभूत हक्क कमी करणारी कोणतीही दुरुस्ती संसदेने करू नये.

केवळ एका मताच्या फरकाने केवढा मोठा निर्णय झाला! न्यायाधीशांना भय वाटत होते ते असे : आज संसद मालमत्तेचा हक्क कमी करील, उद्या एखादे उद्दाम बहुमत बोलण्याचे स्वातंत्र्यही काढून घेईल. हे भय पोकळ नव्हते.

नाथ पै यांनी या निकालाचा बारकाईने अभ्यास केला. न्यायालयाविषयी त्यांच्या मनात आदर होता. परंतु हा निकाल त्यांना पटला नाही. संविधान लोकांनी स्वतःला दिले आहे. मग त्यात कोणता बदल करावा, हे ठरविण्याचा अधिकार लोकांनी निवडलेल्या संसदेलाच असला पाहिजे. आजच्या पिढीने घातलेले कुलूप उद्याच्या पिढीला कधीच उघडता येऊ नये, हे लोकशाहीला धरून नाही. त्यांच्या भूमिकेचे सार हे असे सांगता येईल.

असे वाटणारे इतरही होते. नाथ पै मात्र नुसते बोलून थांबले नाहीत. संविधानाच्या प्रत्येक भागात दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार स्पष्ट शब्दांत नोंदविणारे विधेयक त्यांनी स्वतः लिहिले आणि एप्रिल १९६७ मध्ये लोकसभेत मांडले.

बहुतेक विधेयके सरकारच मांडते. मंत्री नसलेल्या सभासदालाही विधेयक मांडता येते. त्याला खासगी सभासदाचे विधेयक म्हणतात. त्यासाठी सामान्यतः शुक्रवारी दुपारनंतरचा वेळ दिलेला असतो. अशी विधेयके संमत होण्याचे भाग्य फार क्वचित लाभते. १९५२ पासून आजपर्यंत संसदेने संमत केलेल्या अशा विधेयकांची संख्या केवळ १४ आहे. नाथ पै यांना ही अडचण ठाऊक नव्हती असे नाही. तरीही विरोधी बाकांवरचा हा एकटा बॅरिस्टर देशाच्या सर्वोच्च कायद्याविषयीचे विधेयक घेऊन उभा राहिला.

आणखी एक गोष्ट पाहा. संसदेचा अधिकार वाढला, तर त्याचा लाभ प्रथम कोणाला होणार होता? ज्यांच्याजवळ बहुमत होते त्या सत्ताधारी पक्षाला, म्हणजे नाथ पै यांच्या प्रतिपक्षाला. पक्षाचा लाभ पाहणारा माणूस अशा भानगडीत पडला नसता. परंतु त्यांना जे तत्त्व योग्य वाटले, ते मांडताना त्यांनी लाभहानीचा हिशेब केला नाही.

त्या विधेयकाने संसदेत आणि संसदेबाहेरही मोठी चर्चा घडवून आणली. वर्तमानपत्रांतून लेख आले. कायदेपंडितांत दोन तट पडले. विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे सोपविण्यात आले. समितीने विचार केला, पुन्हा वादविवाद झाले. पण ते संमत होण्यापूर्वीच डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि नियमाप्रमाणे ते विधेयकही रद्द झाले.

निवडणुकीची धामधूम सुरू झाली. १७ जानेवारी हा बेळगाव आणि सीमाभागात हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत १९५६ साली प्राणार्पण केलेल्यांचे त्या दिवशी स्मरण करतात. १९७१ सालच्या हुतात्मा दिनी नाथ पै बेळगावात होते. सभेत त्यांनी भाषण केले. ते त्यांचे अखेरचे भाषण ठरले. दुसऱ्या दिवशी, १८ जानेवारी १९७१ रोजी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे ४८ वर्षांचे होते. वेंगुर्ल्यापासून आंबोलीपर्यंत आणि आंबोलीपासून बेळगावापर्यंत सारा प्रदेश शोकात बुडाला.

माणूस गेला, परंतु त्याने विचारलेला प्रश्न उरला. त्याच वर्षी नव्या संसदेने चोविसावी घटनादुरुस्ती संमत केली आणि नोव्हेंबर १९७१ मध्ये ती अमलात आली. संविधानाच्या कोणत्याही भागात दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार तिने नोंदविला. नाथ पै यांच्या विधेयकाचा गाभा अशा रीतीने त्यांच्या मागे कायद्यात उतरला.

गोष्ट मात्र येथेच संपत नाही. केरळातील एका मठाचे अधिपती केशवानंद भारती यांच्या खटल्यात हा प्रश्न पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे आला. या वेळी तेरा न्यायाधीश बसले. २४ एप्रिल १९७३ रोजी निकाल लागला. संसदेला मूलभूत हक्कांतही दुरुस्ती करता येईल, हे न्यायालयाने मान्य केले. गोलकनाथ खटल्यातील निर्णय मागे पडला. परंतु त्याबरोबरच न्यायालयाने एक मर्यादाही घातली : संविधानाची मूळ चौकट संसदेला मोडता येणार नाही. घराच्या भिंती बदलाव्यात, नवी दारे पाडावीत. पण ज्या खांबांवर घर उभे आहे, ते कापून टाकू नयेत, असा त्या निकालाचा अर्थ.

दोनच वर्षांनी, जून १९७५ मध्ये, देशात आणीबाणी पुकारण्यात आली. अनेक विरोधी पुढारी तुरुंगात गेले आणि वृत्तपत्रांवर बंधने आली. न्यायाधीशांना वाटलेले भय उगीच नव्हते, हे तेव्हा लोकांना कळून आले. मग नाथ पै चुकले काय? तसे म्हणता येणार नाही. पिढ्या बदलल्या तरी कायदा बदलताच येऊ नये, हे जसे योग्य नव्हे, तसेच बहुमत आहे म्हणून काहीही बदलावे, हेही योग्य नव्हे. एका बाजूने नाथ पै यांनी लोकांच्या अधिकाराची बाजू मांडली, दुसऱ्या बाजूने न्यायाधीशांनी हक्कांच्या रक्षणाची. दोन्ही बाजू प्रामाणिकपणे आणि पूर्ण ताकदीनिशी मांडल्या गेल्या, म्हणूनच दोहोंना सामावून घेणारी वाट सापडली. एक जरी बाजू गप्प राहिली असती, तरी ती सापडली नसती.

मुलांनो, नाथ पै यांच्या जीवनापासून घेण्यासारखा बोध हाच आहे. लोकशाहीत प्रत्येक वेळी आपलेच म्हणणे मान्य होईल, असे नाही. नाथ पै यांचे विधेयक त्यांच्या हयातीत संमत झाले नाही. कोकणची आगगाडी त्यांनी पाहिली नाही. तरीही त्यांचे बोलणे वाया गेले नाही. अभ्यास करून, पुरावा देऊन, प्रतिपक्षाचा मान राखून मांडलेला विचार मागे राहतो आणि इतरजण तो पुढे नेतात. वर्गात, ग्रामसभेत किंवा घरातल्या चर्चेत तुमच्यावर असा प्रसंग आला, तर आवाज चढविण्याआधी दुसऱ्याचे म्हणणे पुरते ऐकून घ्या आणि आपले म्हणणे आधारासह सांगा. तेवढ्यापुरते तुम्हीही लोकांचे वकील व्हाल.

मालवण येथे बॅरिस्टर नाथ पै यांच्या नावाने चालणारे सेवांगण आहे. बेळगावातही त्यांच्या स्मृती जपल्या जातात. तुम्ही कधी आंबोलीच्या घाटातून प्रवास केलात, तर माथ्यावर थोडे थांबा. ढग विरळ झाले की पश्चिमेकडे कोकणची हिरवी भूमी दूरवर पसरलेली दिसते. तिच्या कडेला वेंगुर्ले आहे. पाठीमागे देशाकडे जाणारी वाट बेळगावाकडे वळते. या दोन गावांना जोडणाऱ्या रस्त्यावरील साध्यासुध्या माणसांचे म्हणणे घेऊन एक बॅरिस्टर देशाच्या संसदेत उभा राहिला होता, एवढे त्या वेळी आठवावे.